दिनेशच्या साठवलेल्या रात्री

या मित्रांनो, थोडं पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेले, तुम्हीही या. कीर्तनात बुवा आख्यान लावायच्या आधी माणसं कशी सावरून बसतात, तसं बसा. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट भुताची नाही. पण ऐकताना एखाद्या क्षणी मागे वळून पाहावंसं वाटलं, तर खुशाल पाहा. मलाही अजून तसं वाटतं.

मी एक जुनं कार्ड आहे. पैसे काढायचं नव्हे, एका मोठ्या हॉटेलाच्या सभासदत्वाचं. रुपेरी रंग, कडेला पानाची नक्षी आणि खाली उठावदार अक्षरांत नाव: दिनेश पुंजा शेवाळे.

माझा जन्म इंदूरच्या हॉटेलात, काउंटरमागच्या एका छोट्या यंत्रात झाला. यंत्रातून बाहेर आलो तेव्हा मी कोमट होतो. काउंटरवरच्या मुलीने मला दोन्ही हातांनी दिनेशच्या पुढे धरलं. त्यानेही मला दोन्ही हातांनीच घेतलं आणि कपाळाला लावलं. मुलगी हसली. दिनेशला प्रसाद घ्यायची सवय होती, त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

दिनेश नाशिकचा. तिथेच अंबडला पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. गिऱ्हाइकाकडे यंत्र बिघडलं की तो आणि त्याचा सोबती मुस्तकीम पिशवीत हत्यारं भरून निघत. कधी इंदूर, कधी हैदराबाद, कधी वापी. मुक्काम बहुतेक वेळा माझ्याच हॉटेलाच्या एखाद्या शाखेत. दिनेशच्या खिशात मी आणि पिशवीत टाळांची जोडी. संध्याकाळी खोलीवर आला की तो फोनवर कीर्तन लावायचा आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून टाळ रुमालात गुंडाळून वाजवायचा. रुमालातल्या टाळाचा आवाज तुम्ही ऐकला आहे का? लांबच्या गावात आरती चालली असावी, तसा येतो.

आता माझं काम सांगतो. दिनेशने हॉटेलात रात्र काढली की त्याच्या नावावर पॉइंट जमा होत. पुरेसे साठले की हॉटेल एक रात्र फुकट देई. नको असेल तर तेच पॉइंट एका विमान कंपनीच्या खात्यात पाठवता येत आणि त्यावर तिकीट निघे. तिकडून ते पुन्हा इकडेही आणता येत. पण दर फेरीला त्यातला मोठा वाटा वाटेतच जाई. इकडून भरलेली घागर निघाली, तर तिकडे तांब्याभर पोचे.

दिनेशला या साऱ्याची मोठी गंमत वाटायची. त्याची आई पुतळाबाई कळवणकडची. मुलाकडे नाशिकच्या सिडकोत राहायला आली होती. तिला तो सांगायचा, "आई, मी नुसता झोपतो आणि कमाई होते बघ!"

"निजून कमाई?" पुतळाबाई पदर तोंडाला लावून हसायची. "मंग तुझ्या बापाचा कळवणात बंगला व्हायला पायजे व्हता!"

मग हसू ओसरलं की हळूच विचारायची, "पर तू तिकडं निजतो कुठं रं? गादी धड हाय का? उशाला पाणी ठिवतं का कोणी? मला एकदा ती जागा दाव."

"दावीन ना. फुकटात दावीन. पॉइंट साठू दे."

मुस्तकीम त्याला चिडवायचा. "शेवाळे, विमानवाल्यांकडे टाक की. सध्या बोनस देतायत. वहिनींना घेऊन गोव्याला जाऊन ये. पॉइंट काय लोणच्यासारखे मुरवत ठेवणार आहेस?"

"ते माझे नाहीत रे," दिनेश म्हणायचा. "त्या आईच्या रात्री आहेत."

मित्रांनो, आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हॉटेलाच्या खोलीत दाराजवळ भिंतीत एक खाच असते. दार उघडायचं कार्ड तिच्यात घातलं की खोलीतले दिवे लागतात, काढलं की सगळं बंद. पण ती खाच बिचारी भोळी. तेवढ्या आकाराचं कुठलंही कार्ड तिला चालतं. सकाळी कामाला निघताना दिनेश खोलीचं कार्ड बरोबर घ्यायचा आणि खाचेत मला ठेवून जायचा, पलंगाशेजारचा लहान दिवा लावून.

"हॉटेलची वीज जाळतोस होय रे," मुस्तकीम म्हणायचा.

"जळू दे. अंधाऱ्या खोलीत शिरलं की वाटतं, आपली वाट पाहणारं कोणी नाही."

म्हणून दिवसभर मी त्या खाचेत उभा राहायचो आणि उजेड राखायचो. संध्याकाळी तो दार उघडायचा, दिवा बघायचा आणि म्हणायचा, "रामकृष्णहरी." ते मलाच उद्देशून असायचं, असं मी मानत आलो आहे. माझ्या आयुष्यातलं सगळं कौतुक त्या एका शब्दात होतं.

आणि मग इंदूरलाच, त्याच हॉटेलात, एका रात्री दिनेश झोपला तो उठलाच नाही. हृदय झोपेतच थांबलं. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. सकाळी शेजारच्या खोलीतून मुस्तकीम आला, दार वाजवत राहिला, मग ओरडत राहिला. खोलीत माणसं भरली. मी रात्रभर खाचेतच होतो, लहान दिवा अजून तेवत होता. सगळं आवरून झाल्यावर हॉटेलातल्या एकाने मला खाचेतून काढलं, नाव वाचलं आणि मुस्तकीमच्या हातात दिलं.

मी निघालो आणि दिवा विझला.

कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पण पडदे ओढलेले होते, आणि दार लागण्याआधी मला ती खोली दिसली. तेव्हापासून माझ्या मनात एकच चित्र बसलं. दिनेश कामावरून परत आला आहे, दार उघडून उभा आहे, आणि आत अंधार आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस जिथे गेला त्या जागी पीठ पसरतात, त्यावर दिवा लावतात आणि टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पाहतात, पिठावर काही उमटलं आहे का. उमटलं की समजायचं, जीव दिव्यापाशी आला आणि मार्गाला लागला. दिनेशसाठी हे सगळं सिडकोतल्या घरात केलं. सकाळी पुतळाबाईने टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं होतं, चाळून ठेवल्यासारखं.

"कसं उमटंल?" ती म्हणाली. "जीव तिकडं गेला आन दिवा हिकडं लावला. त्याला वाट कशी घावंल?"

त्या दिवसापासून तिने एकच धरून ठेवलं. त्या खोलीत एकदा दिवा लागला पाहिजे.

मला, दिनेशच्या फोनला आणि त्याच्या टाळांना उज्वलाने देवघराच्या फळीवर ठेवलं. उज्वला म्हणजे दिनेशची बायको. एका शाळेच्या कार्यालयात काम करते, बोलते कमी. फोन ती रोज चार्ज करायची. का, ते तिला कोणी विचारलं नाही.

आणि मग ते सुरू झालं. दुपारची वेळ. घरात कोणी बोलत नाही. अचानक फोन फळीवर थरथरायचा. त्याला टेकलेले टाळ एकमेकांना लागायचे आणि अगदी बारीक किणकिणायचे. पुतळाबाई निवडत असलेलं ताट बाजूला सारायची. "आला गं," म्हणायची, आणि उठून तांब्याभर पाणी भरून दाराशी ठेवायची.

उज्वला फोन बघायची. तो माझ्या हॉटेलाचा निरोप असायचा. "दिनेशजी, आम्हाला तुमची आठवण येते." "दिनेशजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा! तुमची खोली तुमची वाट पाहत आहे."

हॉटेलाला बिचाऱ्याला काय ठाऊक! त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढे एकदा निरोप आला, "दिनेशजी, तुमच्या खात्यात बरेच दिवस काही हालचाल नाही. पॉइंट लवकरच रद्द होतील." हालचाल नाही! हे शब्द तिने एकदा फोनवर डॉक्टरांच्या तोंडून ऐकले होते. तिने घाईने फोन उघडला. नवऱ्याचा पासवर्ड तिला पाठ होता. तिने सगळे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात पाठवून दिले. लगेच टाळ किणकिणले. "धन्यवाद, दिनेशजी! तुमचा व्यवहार पूर्ण झाला."

ती ते वाक्य वाचत राहिली. दिनेशने काहीतरी केलं होतं. आज. आत्ता.

मित्रांनो, तिला हसू नका. काही आठवड्यांनी तिने ते पॉइंट विमानाकडून हॉटेलाकडे आणले. पुन्हा टाळ वाजले, पुन्हा "दिनेशजी." मग परत तिकडे, परत इकडे. चंदनाचं खोड सहाणेवर फिरवलं की वास सुटतो. पण खोड झिजतं, हे तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. आईच्या रात्री उगाळल्या जात होत्या, आणि मला तोंड नव्हतं.

एकदा हॉटेलातून फोनच आला. "दिनेश सरांशी बोलायचं होतं."

"ते बाहेरगावी गेलेत," उज्वला म्हणाली.

"कधी येतील, मॅडम?"

उज्वला फोन कानाशी धरून उभी राहिली. पलीकडची मुलगी "हॅलो, हॅलो" म्हणत राहिली. आणि दाराशी बसलेली पुतळाबाई वाकून रस्त्याकडे पाहू लागली.

वर्षश्राद्ध होऊन गेलं. एका रविवारी मुस्तकीम आला. तो अधूनमधून यायचाच, मालेगावहून आईने दिलेलं काहीबाही घेऊन. पुतळाबाईने त्याला समोर बसवलं.

"मुस्तकीम, तुला ती खोली ठाव हाय. मला तिथं ने. एक रात. दिवा लावायचा हाय."

"नेतो ना, आई. मी करतो खोली बुक."

"तू नको. त्याच्या रातींतली पायजे. माझ्या लेकानं घरदार सोडून तिथं निजून निजून साठवल्यात त्या. त्यानंच बोलावलंय मला."

मुस्तकीमने फोन मागितला. उज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. त्याने खातं उघडलं, बघत गेला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी... हे काय? इकडून तिकडे, तिकडून इकडे. या तारखा तर दिनेश गेल्यानंतरच्या आहेत." त्याने दंडावरून हात फिरवला. "बघा, काटा आला अंगावर. कोण करतंय हे?"

"मी," उज्वला म्हणाली.

मुस्तकीम हळू म्हणाला, "आता एका रात्रीपुरतेही उरले नाहीत, वहिनी."

पुतळाबाईला व्यवहारातलं काही कळत नव्हतं. पण सुनेचा चेहरा तिने वाचला. रागावली नाही. फक्त म्हणाली, "मंग तो तिथंच राहील," आणि दाराशी ठेवलेला तांब्या उचलून आत घेऊन गेली. तिने तो आत नेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात जवळच्या देवळात चिमाजीबुवांचं कीर्तन होतं. दिनेश त्यांच्या मागे टाळ धरायचा. उज्वला पर्समध्ये मला घेऊन गेली आणि मागे, खांबाच्या आड बसली. बुवा दानावर बोलत होते.

"माउली, पुण्य साठवता येतं. दुसऱ्याला देताही येतं. पण द्यायचं कसं? तळहातावर पाणी घ्यायचं, मनात नाव घ्यायचं आणि सोडायचं! उदक सोडायचं. आपण काय करतो? देतो म्हणतो आणि पाणी ह्या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून ह्या हातावर!" बुवांनी दोन्ही हातांनी ते करून दाखवलं. मंडप हसला. "शेवटी काय होतं? दोन्ही हात ओले, आणि ओंजळ?"

"रिकामी!" लोक म्हणाले.

उज्वला हसली नाही. पर्समध्ये तिची बोटं मला घट्ट धरून होती. इतकी घट्ट, की माझ्यावरची अक्षरं तिच्या बोटांवर उमटली असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुस्तकीमला बोलावून घेतलं. "यातून काही वाट आहे का?"

त्याने बराच विचार केलेला होता. "आहे, वहिनी. सभासद गेला की त्याचे पॉइंट वारसाच्या नावावर करून देतात. आणि एका सभासदाला दुसऱ्याला पॉइंट देता येतात. तुमच्या नावाचं खातं काढू. दिनेशचे उरलेले त्यात येतील, आणि कमी पडतील तेवढे माझे."

"तुजे?" पुतळाबाई म्हणाली. "पर त्या त्याच्या राती नायत, बाबा."

"आई, तो आठ नंबरमध्ये झोपला की मी नऊ नंबरमध्ये असायचो. मधे एकच भिंत. त्याचे टाळ मला ऐकू यायचे, माझं घोरणं त्याला. आता सांगा, कोणती रात्र कोणाची, कसं वेगळं काढायचं?"

पुतळाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "लय घोरतो का रं तू?"

"दिनेश म्हणायचा, यंत्र बरं."

ती हसली. दिनेश गेल्यावर पहिल्यांदा. "दे मंग. तुज्याबी चालतील."

मुस्तकीम उज्वलाकडे वळला. "पण एक आहे, वहिनी. त्यांना सांगावं लागेल. तुम्हालाच. आणि मग हे खातं बंद होईल. निरोप यायचे नाहीत."

उज्वलाने देवघरासमोर बसून फोन लावला आणि स्पीकर चालू करून पुढ्यात ठेवला. पलीकडून आवाज आला, "नमस्कार! दिनेश सर बोलतायत का?"

"नाही. मी त्यांची बायको."

"सर कधी भेटतील, मॅडम?"

उज्वलाने डोळे मिटले. समोर पळीपंचपात्र होतं. तिने पळीभर पाणी डाव्या हाताने उजव्या तळहातावर घेतलं.

"भेटणार नाहीत. ते गेले. तुमच्याच हॉटेलात गेले, इंदूरला."

आणि तळहात कलता करून तिने ते पाणी ताम्हणात सोडलं.

पुढे कागद गेले, मृत्यूचा दाखला गेला. काही दिवसांनी फोन एकदाच थरथरला आणि टाळ किणकिणले. "श्री. दिनेश शेवाळे यांचं खातं बंद करण्यात आलं आहे." त्यात 'दिनेशजी' नव्हतं. हॉटेलवाले आता कोणाला हाक मारत नव्हते, कोणाबद्दल तरी सांगत होते. त्यानंतर तो फोन कधी थरथरला नाही. आणि मी? माझ्यावरचं नाव तेच होतं, नंबर तोच होता, पण त्या नंबरामागे कोणी नव्हतं. मी मेलेलं कार्ड झालो. तरीही उज्वलाने मला पर्समध्ये ठेवलं.

तिघंजण रेल्वेने इंदूरला गेले. मुस्तकीमने आठ नंबरचीच खोली मागून घेतली होती. पुतळाबाईने पिशवीत कळवणहून मागवलेलं गव्हाचं पीठ, पितळी निरांजन, तुपाची डबी आणि बांबूची टोपली आणली होती. खोलीत आल्यावर तिने गादी दाबून पाहिली, उशी उलटीपालटी केली. "धड हाय," म्हणाली. एवढंच. मग ती निरांजनात वात घालू लागली, आणि उज्वलाची नजर छताकडे गेली. तिथे धूर लागला की वाजणारी घंटा होती.

मॅनेजर बाई स्वतः वर आल्या. हिंदीत, अगदी हात जोडून म्हणाल्या, "माँजी, ज्योत नाही चालणार. घंटा वाजली की सगळं हॉटेल रिकामं करावं लागतं. दुसरं काही सांगा, ते करते."

मुस्तकीम वाद घालायला पुढे झाला. पुतळाबाईने त्याला मागे ओढलं. "ऱ्हाऊ दे. त्यांच्या घरात त्यांची रीत." निरांजन हातात धरून ती पलंगाच्या कडेवर बसली. इतकी लांब येऊन वात कोरडीच राहणार होती.

मॅनेजर बाई गेल्या. खोलीचं कार्ड पुतळाबाईच्या पिशवीत कुठेतरी गेलं होतं आणि सापडत नव्हतं. खोलीत संध्याकाळ दाटत होती. खाच रिकामी होती.

"वहिनी," मुस्तकीम एकदम म्हणाला, "दिनेशचं जुनं कार्ड आहे ना तुमच्याकडे?"

"ते बंद झालंय."

"खाचेला काय कळतंय! तो हेच ठेवून कामाला जायचा. तो लहान दिवा चालू ठेवून. म्हणायचा, परत आलो की खोलीत उजेड पाहिजे."

पुतळाबाईने मान वर केली. "काय म्हनायचा?"

मुस्तकीमने पुन्हा सांगितलं.

उज्वलाने मला बाहेर काढलं. मित्रांनो, माझ्यावर काही शिल्लक नव्हतं. एक पॉइंट नव्हता. मी कोणाचाच सभासद नव्हतो. तिने मला खाचेत घातलं.

दिवा लागला.

तोच पलंगाशेजारचा लहान, पिवळा दिवा. पुतळाबाई उठली. तिने त्या दिव्याला हळदकुंकू वाहिलं, खाली जमिनीवर पीठ पसरलं, निरांजन न लावताच त्यावर ठेवलं आणि टोपली झाकली. मग दाराकडे तोंड करून, जेवायला हाक मारावी तशी, म्हणाली, "दिन्या, ये रं बाबा. लावलाय दिवा."

उज्वलाने टाळ काढले. रुमालात गुंडाळले. रात्रभर मी खाचेत उभा राहिलो. त्या रात्रीबद्दल मी तुम्हाला काही सांगणार नाही. ती त्यांची होती.

सकाळी टोपली उचलली. पिठावर एक बारीक, वळणदार रेघ उमटली होती. उज्वलाने वर गार वारा सोडणाऱ्या एसीकडे पाहिलं, मग टोपलीच्या फटींकडे पाहिलं. पुतळाबाईने त्या रेघेला बोट न लावता नमस्कार केला. "गेला," म्हणाली. "मिळाली त्याला वाट."

निघताना उज्वलाने मला खाचेतून काढलं. दिवा विझला, खोली अंधारली, पडदे ओढलेलेच होते. मी दार लागेपर्यंत आत पाहत होतो. या वेळी तिथे कोणी उभं नव्हतं.

आता मी पुन्हा देवघराच्या फळीवर आहे. फोन उज्वलाने बंद करून कपाटात ठेवला. टाळ आता कोणी वाजवले तरच वाजतात. चिमाजीबुवांच्या कीर्तनाला ती ते घेऊन जाते.

मित्रांनो, मी साधं प्लॅस्टिकचं कार्ड, मी काय उपदेश करणार? पण जे कोणासाठी साठवलं असेल ते त्याला वेळेवर द्या. ह्या हातावरून त्या हातावर खेळवत बसू नका. आणि तुमच्या घरातलं कोणी आज परगावी, परक्या खोलीत निजणार असेल, तर त्याला विचारा, "उजेड आहे ना रे तिथे?"

एक मागणं माझ्यासाठी. कधी तुम्ही एखाद्या हॉटेलात गेलात, दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलंत आणि खोलीत उजेड पडला, तर क्षणभर थांबा. माझ्या दिनेशची आठवण काढा. आणि मनातल्या मनात एकदा म्हणा, रामकृष्णहरी.